एकशे अठ्ठावीस बाय ब्याऐंशी

आमची रेजिमेंट त्या वर्षी राजस्थानात होती. तोफखान्याची रेजिमेंट, आणि मी तिच्या एम. आय. रूममध्ये नर्सिंग असिस्टंट. एम. आय. रूम म्हणजे युनिटचा छोटा दवाखाना. एक डॉक्टर साहेब, चार खाटा, एक वजनकाटा, एक पाऱ्याचं बीपी मशीन आणि मी. ताप बघायचा, पट्ट्या बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची आणि वर्षातून एकदा अख्ख्या युनिटला रांगेत उभं करून तपासायचं, हे माझं काम. मी अशोक पगारे, नाशिकचा. नायब सुभेदार दत्तू सानपबद्दल सांगायला बसलोय. तो लढाईत गेला नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे उगाच कोणी गोळीबाराची वाट बघत बसायला नको.

तुम्ही सिव्हिलियन लोक तब्येत बिघडली की डॉक्टरकडे जाता. काही तर बिघडल्यावरही जात नाहीत, मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेतात. फौजेत तसं चालत नाही. माणूस ठणठणीत असला तरी वर्षातून एकदा ॲन्युअल मेडिकल होतं. ऑर्डरमध्ये नाव लागतं. सकाळी साडेसहाला फॉल इन, म्हणजे रांगेत हजर, पीटी किट, रिकाम्या पोटी. वजन, कंबर, डोळे, कान, दात, रक्त, लघवी, बीपी. सगळं ठीक असलं की कागदावर ‘शेप-वन’ लिहितात. काही कमी निघालं तर आम्ही म्हणायचो, याला कॅटेगरी लागली. कॅटेगरी लागली की उपचार सुरू होतात, दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होते, हे सगळं चांगलंच आहे. पण त्याबरोबर प्रमोशनही अडकतं.

त्यामुळे जवान आजाराला भीत नसत, कॅटेगरीला भीत. मेडिकलच्या आधी आठवडाभर जी काय नाटकं चालत! कोणी दोन दिवस उपाशी राहून वजन उतरवायचा. कोणी लसणाच्या पाकळ्या चावून यायचा, आणि मग अख्खी एम. आय. रूम लसणानं घमघमायची. एक बहाद्दर बीपी खाली यावं म्हणून पहाटेपासून कडुनिंबाखाली आडवा पडून होता, तिथेच झोप लागली आणि फॉल इन चुकलं. मी हसायचो. मला सगळं कळायचं आणि मी हसायचो, हे लिहून ठेवतो.

सानप तीन नंबरच्या तोफेचा डिटॅचमेंट कमांडर, म्हणजे त्या तोफेवरच्या जवानांचा म्होरक्या होता, हवालदार. गाव सिन्नर तालुक्यात. फौजेत आपल्या मुलखातल्या माणसाला ग्राईं म्हणतात. आम्ही दोघं ग्राईं. सुट्टीवर जाताना नाशिक रोडपर्यंत एकाच डब्यात, येताना एकाच डब्यात. तो मला ‘डॉक्टर’ म्हणायचा, पहिल्यांदा चिडवायला आणि नंतर सवयीनं. उंचापुरा, पट्ट्याला कधी नवं भोक पाडावं लागलं नाही असा माणूस. दारू नाही, बिडी नाही. जेवणावर मीठ मात्र वरून घ्यायचा, चिमूट नाही, मूठच. लंगरमधले, म्हणजे युनिटच्या स्वयंपाकघरातले लोक त्याच्यापुढे मिठाचा डबाच ठेवून जात.

त्या वर्षी त्याचं नाव नायब सुभेदारच्या यादीत होतं. या खेपेला राहिलं तर पुढच्या वर्षी सर्व्हिस पुरी होऊन तो हवालदार म्हणूनच घरी जाणार होता. त्यासाठी शेप-वन हवं होतं.

मेडिकलच्या दिवशी त्याचा नंबर सात वाजून दहा मिनिटांनी आला. मी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, कान लावला. एकशे अडुसष्ट बाय एकशे आठ. त्याला दहा मिनिटं आतल्या खाटेवर झोपवलं. पुन्हा घेतलं, तेवढंच. दुसऱ्या हाताचं घेतलं, तेवढंच.

“किती, डॉक्टर?”

“जास्त आहे.”

“लय?”

“लय.”

तो उठून बसला. दंडावरचा पट्टा त्यानं स्वतःच सोडला आणि घडी घालून माझ्यासमोर ठेवला. “मला काय बी व्हत नाय रे. डोकं दुखत नाय, चक्कर नाय. सकाळी पाच किलोमीटर पळून आलोय. बघ काय तरी.”

बीपीचा रकाना मीच भरायचो. साहेब एका सकाळी साठ माणसं बघायचे, ते रकान्यावर नजर टाकून सही करायचे. त्यांचा माझ्यावर भरवसा होता. मी लिहिलं, १२८/८२. एकशे वीस बाय ऐंशी लिहिलं असतं तर फारच गुळगुळीत दिसलं असतं, म्हणून जरा वर लिहिलं. खोटं कसं लिहावं याची अक्कल मला त्या क्षणी कुठून सुचली देव जाणे. साहेबांनी सही केली. सानप शेप-वन झाला.

संध्याकाळी मी त्याला गाठून सांगितलं, “यादी लागू दे, मग बाहेरच्या डॉक्टरला दाखव आणि गोळी चालू कर. हे अंगावर काढू नको.”

“घेतो की,” तो म्हणाला. “तू सांगतोस म्हंजे घेतोच.”

यादी लागली. त्याच्या खांद्यावर नायब सुभेदारचा स्टार आला, युनिटमध्ये जिलबी वाटली गेली आणि मी दोन जास्त खाल्ल्या.

दोन महिन्यांनी फायरिंग रेंजवर गेलो. दुपारचे अडीच वाजले होते, ऊन मी म्हणत होतं. मी ॲम्ब्युलन्समध्ये होतो, रेडिओ चालू होता.

“तीन नंबर, ओके रिपोर्ट दो. ओव्हर.”

उत्तर नाही.

“तीन नंबर, ओके रिपोर्ट. ओव्हर.”

“तीन नंबर ओके. साहब की नाक से खून आ रहा है. ओव्हर.”

मी पळत गेलो. सानप तोफेच्या सावलीत मान वर करून बसला होता, शर्टाचा पुढचा भाग लाल. मी नाक दाबून धरलं, मान खाली करायला लावली, थंड पाणी मारलं. दहा मिनिटांत रक्त थांबलं. “ऊन लागलं,” तो म्हणाला. मीही साहेबांना तेच रिपोर्ट केलं. बीपीचं मशीन ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या पायाशी होतं. ते काढलं असतं तर आकडा निघाला असता, आणि आकडा निघाला असता तर दोन महिन्यांपूर्वीचा माझा रकाना उघडा पडला असता. मी मशीन काढलं नाही. त्यानं उठून पुन्हा तोफेचा ताबा घेतला.

नंतर माझी बदली झाली. पुढच्या मेडिकलची त्यानं स्वतःच सोय लावली होती, हे मला त्यानं एकदा सुट्टीवरून परतताना गाडीत हसत हसत सांगितलं. मेडिकलच्या पंधरा दिवस आधी बाहेरून गोळ्या आणायच्या, रोज एक घ्यायची, बीपी खाली येतं, शेप-वन मिळालं की गोळ्या बंद. म्हणजे गोळी त्याला लागू पडत होती. वर्षातले पंधरा दिवस तो बरा असायचा, उरलेले साडेतीनशे दिवस नाही. मी त्याला तेव्हा चांगला झापला. “गाढवा, ती मेडिकलसाठी नाही, तुझ्यासाठी आहे.” तो म्हणाला, “रिटायर झालो की घेतो रोज.” आणि डब्यातून वहिनींनी दिलेला ठेचा काढला.

रिटायर झाल्यावर मेडिकलच बंद झालं. ऑर्डरमध्ये नाव लावणारं कोणी राहिलं नाही. माजी सैनिकांसाठी दवाखाना आहे, तपासणी होते, औषधं मिळतात, पण तिथे आपल्या पायानं जावं लागतं. वीस-पंचवीस वर्षं शिट्टी वाजली की उठणाऱ्या माणसाला शिट्टीशिवाय उठायची सवय नसते. सानपनं सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी धरली. मी नाशिकला गंगापूर रोडवर एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागलो. काम तेच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे दंड आणि माझा पट्टा.

एकदा तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दवाखान्यात आला. बाहेर पेशंटची रांग होती. चेहरा लालसर वाटला, जिना चढून दम लागला होता. मी म्हटलं, “बस, बीपी बघतो.”

“तू बघितलेलं हाय की!” तो जोरात हसला. “एकशे अठ्ठावीस बाय ब्याऐंशी. फौजेच्या शिक्क्याचं हाय, त्याला काय व्हतंय?”

मीही हसलो. रांगेतल्या पुढच्या बाईंना आत बोलावलं. पत्रिका खिशात घातली. त्याला बसवायला मला दोन मिनिटं लागली असती. आज त्या दोन मिनिटांबद्दल मी स्वतःला जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी सात पंचवीसला मला फोन आला. कारखान्याचा गार्ड होता. सानपच्या मोबाइलमध्ये माझं नाव ‘डॉक्टर’ असं होतं, म्हणून त्यानं आधी मला लावला.

“डॉक्टर साहेब, आमचे सुपरवायझर पडलेत गेटवर. शिफ्ट बदलायच्या टायमाला. तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाय.”

“किती वाजता पडले?”

“सातला पाच-धा मिनिटं कमी व्हती.”

“पाणी पाजू नका. कुशीवर झोपवा. गाडीत घाला आणि सरळ नाशिकला मोठ्या हॉस्पिटलात आणा.”

आठ चाळीसला त्याला आणलं. मी हॉस्पिटलच्या दारातच उभा होतो. कॅज्युअल्टीत बीपी घेतलं, दोनशे तीस बाय एकशे तीस. मेंदूत रक्तस्राव. सुमन वहिनी मागच्या जीपमधून आल्या, पदर खोचलेला, हाताला पीठ तसंच होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी त्यांना विचारलं, “पेशंटला आधीपासून बीपी होतं का?”

“नाय वो मॅडम. त्यांना कुठलं बीपी? मिल्ट्रीत दरसाल तपासत व्हते. कायम एकशे अठ्ठावीस बाय ब्याऐंशी.”

मी शेजारी उभा होतो. आता मी बोललो म्हणून उपचार बदलणार नव्हता, हे मला माहीत होतं. त्याच सबबीच्या आडोशाला मी गप्प राहिलो. सानपचे डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. त्याचा उजवा हात मी धरला तर त्यात काहीच जोर नव्हता. याच हातानं तो तोफगोळा नारळासारखा उचलायचा.

गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तो गेला. वय त्रेपन्न.

गावात आसपासचे सगळे माजी सैनिक आले. मेडल लावून, बेरे टोप्या घालून, आम्ही रांगेत उभे राहिलो आणि सॅल्यूट केला. लोक म्हणत होते, किती सडपातळ माणूस, कसलं व्यसन नाही, नशीब बघा. जो तो नशिबाला बोल लावत होता. मला ते ऐकवेना, मी बाजूला जाऊन बाभळीखाली उभा राहिलो.

तेराव्याला गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. ओट्यावर वहिनी, त्यांची मुलगी मनीषा आणि मी, एवढेच उरलो. मनीषा इगतपुरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, एकतीस वर्षांची. ती कपाळाला ओढणी घट्ट बांधून बसली होती.

“डोकं दुखतंय?” मी विचारलं.

“रोजचंच आहे काका, वर्ष झालं. चष्मा बदलून झाला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, एकदा बीपी तपासून घ्या. मी म्हटलं, आमच्या घरात कोणालाच बीपी नाही. बाबांचं तर कायम नॉर्मल. तिकडचा पाऊस, ओल, त्यानंच होत असेल.”

“त्यांचं तर एकशे अठ्ठावीस बाय ब्याऐंशी,” वहिनी म्हणाल्या. हे त्या आता देवाचं नाव घेतल्यासारखं म्हणत होत्या.

मी उठलो. बूट घातले, गाडीपर्यंत गेलो, चावी लावली. मी लिहिलेला आकडा बापाला घेऊन गेला होता आणि आता लेकीच्या डोक्यात जाऊन बसला होता. मी डिकीतून बीपीचं मशीन काढलं आणि परत फिरलो.

ओट्यासमोर सावधान उभा राहिलो. दुसरं कसं उभं राहावं ते मला सुचलं नाही.

“वहिनी, ते खोटं आहे. एकशे अठ्ठावीस बाय ब्याऐंशी मी लिहिलं होतं. त्याच्या प्रमोशनसाठी. खरं एकशे अडुसष्ट बाय एकशे आठ होतं. तीनदा घेतलं मी.”

वहिनी उष्टं ताट उचलत होत्या, त्या तशाच थांबल्या.

“तुम्ही लिवलं?”

“हो.”

“त्यांना ठावं व्हतं?”

“जास्त आहे एवढं ठाऊक होतं. पुढे तो कागदावर विसंबला. मीही त्याला विसंबू दिलं.”

वहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं. “म्हंजे मी रोज त्यांच्या ताटात लोणचं वाढीत व्हते, पापड वाढीत व्हते. वरून मीठ घेत व्हते ते, मी डबा पुढं सरकवीत व्हते. मला कोणी सांगितलं असतं तर मी डबा फोडून टाकला असता, भाऊजी.” आवाज चढला नाही. “तुम्ही किती येळा आले आमच्याकडं. ह्या ओट्यावर बसून चा पिले. एकदा बी तुमच्या तोंडाला आलं नाय?”

मी रडलो. फौजी माणूस असा रडतो का, असं कोणी म्हणेल, तर म्हणू दे.

मनीषानं मध्येच ओढणी सोडली आणि बाही वर केली. “काका, घ्या.”

मी पट्टा गुंडाळला. मशीन सुरू झालं, आकडे चढले, उतरले, थांबले. पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतलं.

“किती?” मनीषानं विचारलं.

मी बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, “खरं सांगा.”

“एकशे छप्पन्न बाय एकशे दोन.”

दुसऱ्या दिवशी मनीषा नाशिकला आली. आमच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त, लघवी, ईसीजी सगळं केलं. वडिलांचा इतिहास विचारला तेव्हा तिनं खरा आकडा सांगितला. तिला गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास चालते. दर महिन्याला तपासून घेते. डोकं आता क्वचित दुखतं. हे एवढंच एक बरं घडलं, आणि ते अकरा वर्षं उशिरा घडलं.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता, सानपच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात आमचं फॉल इन असतं. मी मोबाइलवर सगळ्यांना ऑर्डर काढतो, फौजेत काढायचो तशीच. आजूबाजूच्या चार गावांतले माजी सैनिक येतात, बायकांनाही आणायचं, तो हुकूम आहे. कुरकुर करतात, “पगारे, आता काय प्रमोशन देतोस का?” असं म्हणतात, पण येतात. वजन, कंबर, बीपी, बोटातून शुगर. डॉक्टर महिन्याआड येतात. एकजण अजूनही लसूण खाऊन येतो. मी त्याला म्हणालो, बाबा, इथे कॅटेगरी लागत नाही, इथे लपवून कोणाला फसवतोस? तो ओशाळून हसला, पुढच्या खेपेला पुन्हा लसूण.

रजिस्टरच्या पहिल्या पानावरची पहिली ओळ मी स्वतःच्या हातानं लिहिली आहे. नायब सुभेदार दत्तू सानप, तीन नंबर तोफ. बीपी १६८/१०८. शेरा, उपचार आवश्यक. सात वाजता मी आधी ते नाव पुकारतो. रांग सावधान उभी राहते. कोणी ओ देत नाही. मग मी दुसरं नाव घेतो.

सुमन वहिनी दर महिन्याला येतात. माझ्याशी त्या बोलत नाहीत, मीही गळ घालत नाही. नंबर आला की समोरच्या खुर्चीवर बसतात, दंड पुढे करतात आणि मैदानाकडे बघत राहतात. मी आकडा सांगतो. त्या मान हलवत नाहीत. वाकून मशीनवरचा आकडा स्वतः वाचतात, मग रजिस्टर आपल्याकडे ओढतात आणि मी तोच लिहिला आहे का, ते बोट ठेवून बघतात.